आत्याच्या खिडकीची गर्दी

आमची आत्या परवाना कचेरीत दुभाषी. परदेशातून रीतसर राहायला येणाऱ्यांचं म्हणणं साहेबांना सांगायचं, साहेबांचं त्यांना. तिची भाषा बेटांवरची. ती शिकली मात्र इथंच, एका शेजारणीकडून. बेटं तिनं जन्मात पाहिलेली नाहीत. पण एके काळी येणारे बहुतेक बेटांवरचेच. आत्याच्या खिडकीपुढची रांग जिना उतरून रस्त्यावर जायची, आणि आत्या घरातसुद्धा आम्हाला रांगेत उभं करून वाढायची.

मग बेटांवर कारखाने निघाले, तिकडची पोरं तिकडेच रमली. इकडे नियम बदलला, नर्सबायांना आधी घेऊ लागले, आणि त्या येत डोंगराळ देशातून. त्यांची दुभाषी शेजारच्या खिडकीत. आत्यानं तिचं नाव ठेवलं मैना. आता रांग मैनेची. आत्या हनुवटी वर करून, एक डोळा तिरका लावून म्हणायची (ही नक्कल मी झोपेतही करते), "गर्दी काय गं, गुळाच्या ढेपेलाही होते." मैनेला कुणी फुलं दिली की आत्याला दिवसभर शिंका. मैना खोकली की घरी येऊन समाधानानं सांगायची, घसा बसतोय बघ तिचा.

त्यात साहेबांनी कळवलं, महिनाअखेर रिकामी खिडकी बंद.

आणि सुट्टीत मी तिथं बाकावर बसले होते, त्याच दिवशी आत्यापुढे रांग लागली. सगळे बेटांवरचे, जुने, तिच्याच खिडकीतून आलेले. आत्या फुलली. मैनेकडे बघून केस सारखे केले. पहिली होती एक शिंपीण. ती त्यांच्या भाषेत भडाभडा बोलत गेली तसा आत्याचा चेहरा आंबट होत गेला. ती काय बोलली ते आत्यानं मला नंतर सांगितलं: तिकडे आता कामं आहेत, घर बांधलंय, परवाना परत घ्या, मी कायमची चालले. मैनेचा हेवा परवडला. या शिंपिणीला परतायला ते गाव होतं ज्याची भाषा आत्या जन्मभर बोलली, आणि तिथं आत्याला कुत्रंही ओळखत नव्हतं.

साहेबांनी विचारलं, काय म्हणते?

"अजून विचार करते म्हणते," आत्या म्हणाली. "पुढच्या महिन्यात येईल."

शिंपीण साहेबांसमोरच आत्याकडे वळली. आणि बेटांची भाषा सोडून आमच्या भाषेत, अगदी इथल्या ठसक्यात, "मी असं कुठं म्हटलं, ताई?"

इतकी वर्षं इथल्या गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेली बाई; तिला दुभाषी कशाला हवी? रांगेतल्या कुणालाच नको होती. ताईच्या खिडकीनं आलो, ताईच्याच खिडकीनं जाऊ, एवढीच त्यांची हौस. आत्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांच्या आलं. त्यांनी रांग सरळ आपल्या टेबलाकडे वळवली आणि खिडकी आजच बंद करा म्हणाले.

पण टेबलाकडे जाताना एकेक जण आत्यापाशी थांबला, खिडकीत वाकून निरोप घेऊ लागला. आत्या रुमालानं नाक पुसत होती. तेवढ्यात तिला दिसलं, मैना काम सोडून टक लावून बघतेय. आत्यानं रुमाल ठेवला, शिंपिणीला परत बोलावलं आणि तिचा निरोप पहिल्यापासून घेतला.