पूजेतला पाना

चौथं पातं खाली येताना विमानाचा पंखा अडला. मी जोर लावला नाही. हात काढून घेतले आणि म्हणालो, "अण्णा, हे आज उडत नाही."

"जोशी, सणासुदीचं जरा गोड बोला की," अण्णा म्हणाले.

दसऱ्याची सकाळ होती. हुबळीच्या विमानतळाच्या एका कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यात अण्णांचं विमान असायचं. अण्णा म्हणजे दाजीबानपेठेतले कापडाचे ठोक व्यापारी. पन्नाशीला आल्यावर विमान चालवायला शिकले, लायसन्स काढलं आणि महायुद्धाच्या काळातलं एक दोन सीटचं, वर छप्पर नसलेलं विमान कुठून तरी पैदा केलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी त्यांचा मेंटेनन्स इंजिनिअर. एका फ्लाइंग क्लबातून रिटायर होऊन धारवाडला स्वस्थ बसलो होतो. अण्णांनी स्वस्थ बसू दिलं नाही.

त्या दुपारी विजयमुहूर्तावर अण्णा विमानातून सीमोल्लंघन करणार होते. अळणावर गावाच्या जंगलावरून एक चक्कर आणि परत, असा बेत. पुढच्या सीटवर त्यांची थोरली बहीण बसणार होती, अक्का. आई लवकर गेली, अण्णांना अक्कानंच वाढवलं. वय अडुसष्ट. तीन वर्षं नाही नाही म्हणून शेवटी तयार झाल्या होत्या. सकाळी नऊपासून शेडमध्ये खुर्ची टाकून, कानाला मफलर गुंडाळून, जपमाळ ओढत बसल्या होत्या.

पंखा अडला म्हणजे काय, ते सांगतो. ह्या विमानाचं इंजिन रेडियल. मोटारीत सिलिंडर एका ओळीत असतात, ह्यात गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. खालचे उलटे टांगलेले. विमान नुसतं उभं राहिलं की ऑइल झिरपत झिरपत ह्या खालच्या सिलिंडरांत उतरतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टन ऑइलवर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड लगेच मोडेलच असं नाही. बेटा वर गेल्यावर मोडतो. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवून बघायचा. अडला तर समजायचं, खाली ऑइल साठलंय. आम्ही ह्याला हायड्रॉलिक लॉक म्हणतो. पावसामुळे पंधरा दिवस इंजिन चालवलंच नव्हतं, त्यामुळे नवल काही नव्हतं.

इलाज सोपा आहे. खालचा स्पार्क प्लग काढायचा, ऑइल ट्रेमध्ये पडू द्यायचं, प्लग परत बसवायचा. अर्ध्या तासाचं काम. प्लगपाना मात्र पाहिजे.

प्लगपाना पूजेत होता.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अक्कांनी शेडमध्येच पाट मांडून माझी सगळी हत्यारं पूजेला लावली होती. मीच एकेक पुसून दिलं होतं. हळदकुंकूही मीच लावलं. त्यांच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पूजा होईपर्यंत मांडलेलं काही उचलायचं नाही. वाहन चालतं, कारण सीमोल्लंघनाला ते लागतंच. हत्यार चालत नाही. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक पाना बाजूला ठेवायचं सुचू नये? माझी अक्कल त्या दिवशी चरायला गेली होती, दुसरं काय.

"अक्का, एकच पाना घेतो," मी म्हणालो.

"मांडलेली पूजा मोडायची नाही हो, जोशी. दुसरा आणा की."

स्कूटर काढून दुर्गदबैलच्या बाजारात गेलो. पहिल्या हार्डवेअरवाल्याचं शटर अर्धं खाली, वर झेंडूचा हार. "साहेब, सगळं पूजेत आहे. उद्या या." शेजारी तेच. ओळखीच्या गॅरेजात मेकॅनिक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, मी त्याला आधी ओळखलंच नाही. त्याचेही पाने फुलांखाली. अख्ख्या हुबळीत त्या सकाळी एक नट सैल करता आला नसता. एका दुकानदारानं नवे पाने दाखवले. दसऱ्याला खरेदी चालते, नव्हे, केलीच पाहिजे. पण सगळे मिलिमीटरचे. आमचं इंजिन इंचातलं. दीड तास भटकून हात हलवत परत आलो.

शेडमध्ये अण्णा एकदम खुशीत. त्यांचा ड्रायव्हर मल्लप्पा घामाघूम होऊन उभा. "आत्री, साहेब," तो म्हणाला. झालं म्हणे. मी पंखा फिरवून पाहिला. चार पाती मोजली, सहा मोजली, लोण्यासारखा फिरला.

"कसा सुटला?"

"आपोआप. ऑइल गेलं असेल," अण्णा छपराकडे बघत म्हणाले.

मी खाली वाकून पाहिलं. ट्रे कोरडा ठणठणीत. एक्झॉस्टच्या तोंडाशी बोट फिरवलं, तेही कोरडं.

"गेलं कुठं?"

"तुम्ही फार चौकशा करता, जोशी."

अक्कांची माळ थांबली. "दोघांनी मिळून उलटा फिरवला की. माझ्यासमोर. का हो, काय झालं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंखा उलटा फिरवला की सिलिंडरातलं ऑइल इनटेक पाइपात, म्हणजे हवा आत यायच्या नळीत, ढकललं जातं. पंखा मोकळा होतो. ऑइल बाहेर जात नाही. स्टार्टर मारला की तेच परत सिलिंडरात शिरतं, आणि तेव्हा पंखा हातानं फिरत नसतो, इंजिनाच्या जोरानं फिरत असतो.

"अण्णा, हे तुम्हाला मी दोनदा शिकवलंय!"

"विसरलो."

"विसरला नाहीत. मुहूर्ताची घाई झाली."

आता अण्णाही तापले. "विमान माझं आहे. तुम्ही सही करा, जबाबदारी माझी."

"पुढच्या सीटवर कोण बसणार आहे?"

अण्णांनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाले, "करा सही."

इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान न्यायचं नाही, असा नियम आहे. पण पाहुणे यायला लागले होते, फोटोवाला आला होता, आणि अण्णा हट्टाला पेटले की नियम वगैरे बघणारे नव्हते. माझ्या हातात अडवायला काहीच नव्हतं. मला खरंच भीती वाटली. तेवढ्यात माझं लक्ष पाटाकडे गेलं. पान्यांच्या रांगेशेजारी विमानाचं लॉगबुक होतं, सही ज्यात करायची ती वही, आणि त्यावर माझं पेन. दोन्हींना कुंकू.

"बरं, करतो," मी म्हणालो. "अक्का, तेवढं लॉगबुक आणि पेन पूजेतून उचलून द्या."

अक्कांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ अण्णांकडे पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत नाही."

"अक्का, मुहूर्त टळतोय!"

"टळू दे. पाना नाही म्हटलं, मग वही कशी देऊ? आणि सहीशिवाय मी तुझ्या विमानात पाय ठेवत नाही." त्यांनी मफलर सोडून घडी घातली.

सीमोल्लंघन फियाटमधून झालं.

संध्याकाळी पूजा झाली. "बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण," म्हणत सगळ्यांनी एकमेकांना पानं दिली. सोनं घ्या, सोन्यासारखे राहू या. अक्कांनी मला आधी पान दिलं, मग प्लगपाना. मी खालचा प्लग काढला, इनटेक पाइप सोडवला. काळं ऑइल ट्रेमध्ये पडायला लागलं. अण्णा शेजारी उकिडवे बसून बघत होते. चहाचे तीन कप भरतील एवढं ऑइल निघालं.

"एवढं?"

"एवढं."

"मी स्टार्टर मारला असता तर?"

"सुरू झालं असतं. छान उडालंही असतं. अळणावरपर्यंत तरी."

तिथं खाली जंगल आहे. विमान उतरवायला वीतभर जागा नाही. हे अण्णांना सांगायची गरज नव्हती. ते तिथंच फरशीवर बसले. "अक्का बसणार होती," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी समजूत घातली नाही. माझा राग अजून गेला नव्हता.

मी हात धूत होतो, तेव्हा अक्का जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "जोशी, सकाळीच मी पाना दिला असता, तर हे काहीच झालं नसतं, नव्हे का?"

"होय, अक्का," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

स्टार्टर लागलाच नव्हता, त्यामुळे रॉड शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन वीस मिनिटं चालवून पाहिलं, सही केली. अण्णांनी अक्कांना अळणावरपर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? "वारा फार," त्या म्हणाल्या. "आणि दाजीबानपेठेत लोकांनी गच्च्यांवर किती कचरा साठवलाय!"

पुढं कितीतरी मालकांना मी हेच सांगत आलो. अडलेला पंखा खरं बोलत असतो. उलटा फिरवला की तो बोलायचा थांबतो. ऑइल आतच असतं.