पहिली ओळ ताईची

बूट दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानदाराला सगळी गल्ली 'सम्राट' म्हणायची. पूर्ण पदवी संकल्पसम्राट, बायकोनं बहाल केलेली. दर सोमवारी हा बाबा नव्यानं सुधारायचा. लवकर उठणार, दुकान वेळेवर उघडणार, मोठी कामं आधी उरकणार! दुकानाच्या दारावर आतल्या बाजूनं तो खडूनं दिवसाच्या कामांची यादी लिहायचा, ती थेट खाली उंबऱ्याला टेकायची.

"ही यादी आहे की निवडणुकीचा जाहीरनामा?" बायको विचारायची. "अहो, एवढ्याला चार माणसं लागतील. तुम्ही एकटे, आणि त्यात दुपारी घोरता."

बरं, आळशी म्हणावं तर तसंही नाही. एरवी दिवसभर मान वर करायचा नाही. पण करायचा काय? कुणाची टाच ठोक, कुणाची चेन बदल, कुणाचं उसवलेलं शिवून दे. काम झटपट होतं, गिऱ्हाईक खूश होतं, यादीवर काट मारता येते. आणि गंमत सांगू? यादीत नसलेलं काम हातून झालं, तर हा ते आधी यादीत लिहायचा आणि मग त्यावर काट मारायचा! संध्याकाळी दारभर काटच काट, फक्त पहिली ओळ सकाळी होती तशीच. तिथं लिहिलेलं असायचं, 'ताईचा बूट'.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. बुटाच्या तळाला कॉर्कचे थर चढवून उंची द्यायची, मधेमधे तिला उभं करून कंबर सरळ येते का बघायचं, असं अख्खी दुपार खाणारं काम. जुना बूट फाटला तेव्हा ती म्हणाली होती, "पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय रे. कपड्यांचं दुकान आहे, दिवसभर उभं राहायचं. तोवर होईल ना?"

"हे काय विचारणं झालं? तुझं सगळ्यात आधी!"

आणि खरंच सगळ्यात आधी लिहिलं. रोज लिहिलं. पण समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही, आणि ताई काही समोर येऊन उभी राहत नव्हती. घरचं माणूस, घेईल सांभाळून. एकदा निवांत बसू, मन लावून करू, असं म्हणता म्हणता महिना सरला.

एका संध्याकाळी ताई दुकानात आली आणि स्टुलावर बसली. तिची दोन पावलं बघूनच सम्राटला कळलं. पायात नवा बूट होता, उंची कमी पडत होती आणि सगळा भार कमरेवर येत होता.

"आज पहिला दिवस झाला," ती म्हणाली. "तुला कामं फार, म्हणून बाहेरून करून घेतला."

त्यानं खाली बसून बूट काढला. घोट्याचं कातडं सोलून निघालं होतं, मोजा त्यालाच चिकटलेला.

"कुठल्या गाढवानं केलाय हा? माप तरी घेतलं होतं का?" तो भडकला. त्या गाढवानं निदान बूट केला तरी होता.

"आण इकडे," तो पुटपुटला. "मी नीट करून देतो."

"कधी?"

टोमणा नव्हता तो. सकाळी पुन्हा उभं राहायचं होतं, म्हणून तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सम्राटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'आत्ता', एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण मेली ती नजर, गेलीच दाराकडे. बाहेर दोन गिऱ्हाइकं हातात चपला घेऊन उभी होती. त्यानं बघितलं, आणि तो बघतोय हे ताईनं बघितलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "दारावरचं माझं नाव तेवढं पुसून टाक. तुझंही एक काम कमी होईल."

आणि त्याच्या हातातून हळूच बूट काढून घेऊन, ओठ दाबून, ती तो पायात घालू लागली.