गंगामामीचा अर्धा डाव

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडजवळ माझं, म्हणजे डिंपलचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माझं डोकं लवकर तापते, हे आधीच सांगून ठेवते.

शालीकराम कापगते, आमचे शालीकमामा, नवेगाव बांधचे. त्यांना आणि गंगामामीला टीव्हीला जोडून खेळायचा, पाण्याच्या कोड्याचा एक जुना गेम भारी आवडे. तलावाची दारं उघडून धानाच्या साऱ्या बांध्या, म्हणजे शेताचे बांध घातलेले तुकडे, भिजवायच्या. त्यात खेळ सेव्ह करायची सोयच नव्हती. लाईन गेली, टीव्ही बंद पडला की पहिल्यापासून. मामांचा हात कापतो; बोट भलतीकडं पडलं की मुसळ केरात! मामा चिडून उठत, मामी पुन्हा मांडून बसे.

मग तोच गेम नव्यानं फोनवर निघाला. प्रत्येक चाल आपोआप सेव्ह होते, चुकली तर मागंही घेता येते. आता मामाही खेळू लागले. दोघांच्या फोनवर एकच खातं, एकच डाव. शेवटचं कोडं अर्ध्यावर असताना मामी वारली.

उन्हाळ्यात एका दुपारी मामा दुकानात आले.

"पोरी, गंगा खेळून राहिली. मी हातबी नाही लावत, तरी डाव पुढं जाते."

"खिशात दबत असन जी. नाही त मामीच्या फोनवर कोणी खेळत असन."

"तिचा फोन मी राखेसंगं तलावात सोडला."

मी डाव उघडला. या गेममध्ये तलावाजवळची बांधी आधी भिजवली तर जास्त स्टार मिळतात. इथं सगळ्यात दूरची आधी भिजली होती, मग तिच्या अलीकडची. मामीच्या माहेरी हीच रीत. शेवटच्या माणसाले आधी पाणी, जवळच्याले काय घाई, असं म्हणत ती जन्मभर स्टार घालवत आली. खिसा असा खेळत नाही. मामांचा फोन खोलला त आत पाणी, अन् गाळाचा वास. मी झाकण घाईघाईनं परत लावलं.

तरी विचारलं, "एकच बांधी उरली. मग पुरं काऊन नाही होत?"

मामांनी मान खाली घातली. "मी रोज सकाळी तिची चाल मागं घेतो. पुरं झालं त चालली जाईन थे."

माझं टाळकंच सरकलं. "का जी मामा! जिती होती तवा लाईन तिचा डाव मोडे, आता तुम्ही मोडून राहिले? दमली असन ना बिचारी!"

मामा फोन घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी आले, फोन माझ्यापुढं ठेवला. साऱ्या बांध्या हिरव्यागार. खाली गेम विचारत होता, नवा डाव सुरू करायचा का?

"चाल मागं नाही घेतली," मामा म्हणाले. "तुझं ऐकलं."

आता रोज दुपारी येतात. काही दुरुस्त करायचं नसते. बाकावर बसतात, डाव उघडतात, हिरव्या बांध्यांकडं बघत राहतात. काल जाताना दारात थांबले.

"रोज येत होती थे," म्हणाले. "तू कायले बोलली व?"