पायी जायचं नेपाळ

परतवाड्याच्या देवमनरावांना माणसांचा भारी सोस. नवा बूट घ्यायला निघाले तरी वाटेत भेटेल त्याला म्हणणार, "चाला ना तुमीबी!" या बोलावण्यानंच घात केला.

त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, नर्सच्या नोकरीत मेळघाटातली गावंच्या गावं पायी तुडवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. नेपाळात चार-पाच दिवसांची सोपी डोंगरवाट होती. तंबू नको, चूल नको. दिवसभर चालायचं, संध्याकाळी वाटेवरच्या चहाघरात दाळभात खाऊन तिथंच झोपायचं, आणि समोर बर्फाचे डोंगर.

"आजवर लोकाइच्या दुखण्यापायी चालली," त्या म्हणाल्या. "आता मले मह्यासाठी चालाचं हाये."

देवमनराव हरखले. दोघं रोज पहाटे फिरायला लागले. बाई चढावर पुढं, हे मागं धापा टाकत. तेवढ्यावर थांबले असते तर! पण नाही, अकोल्याला साळ्याला फोन लावला, "सूर्यभान, चाला ना तुमीबी!" सूर्यभान म्हणजे त्याची बायको आली, मग व्याही, मग व्याह्यांचे शेजारी. डोंगरात जायचं ते ऑक्टोबरात, तर तेव्हा सगळ्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. एप्रिल म्हणावा, तर जयंती आणि लग्नं. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी सूर्यभान म्हणाला, "भाऊजी, एवढी म्हातारी मानसं डोंगरावर चढवता काय? भाड्याची बस करू, लुंबिनीले जाऊन येऊ. नेपाळच हाये ना!"

"बराबर हाये," देवमनराव म्हणाले. लुंबिनीला नाही कसं म्हणायचं? मनकर्णाबाई बॅग भरायला लागल्या.

लुंबिनीत त्यांनी मनापासून वंदन केलं. सकाळी एकट्याच शेताच्या कडेला जाऊन उत्तरेकडे बघत राहिल्या. धुक्यात काही दिसलं नाही. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला.

त्याच हिवाळ्यात त्यांचा गुडघा गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला. घरी आल्यावर देवमनराव गयावया करत म्हणाले, "तू बरी हो. मंग आपन दोघंच जाऊ. कोनालेच सांगत नाई."

बाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. हात थांबला नाही.

"साऱ्याइले इचारलं तुमी. मले एक डाव इचारलं असतं, तं सांगतलं असतं. मले तुमी एकटेच पायजे होते."