उलटे फेरे

गणितातल्या टोपोलॉजीच्या पेपरात मी नापास झाले तेव्हा घरात कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर परवडलं असतं. सासूबाईंनी ताटात भाकर टाकता टाकता एवढंच म्हटलं, "एक डाव अजून देऊन पाह्य. नाई जमलं तं दुकानात बसजो."

आमचं देवळीला कापडाचं दुकान आहे. तिथे बसण्यात कमीपणा काही नाही, पण एकदा त्या गादीवर बसले की मी उठणार नाही, हे मला माहीत होतं आणि सासूबाईंनाही. पास झाले तर पुढच्या शिक्षणाला नागपूर, नापास झाले तर दुकान. नवरा भला माणूस आहे, पण भली माणसं आईपुढे बोलत नाहीत.

विषय सांगायला गेलं तर सोपा, हीच त्याची लबाडी. समजा मोकळं आवार आहे. तुम्ही एका जागेवरून दोरा सोडत निघालात, कुठेही भटकलात आणि परत त्याच जागी आलात. मध्ये काही नसेल तर दोरा ओढला की सगळा पायाशी गोळा होतो. मध्ये खांब असेल तर होत नाही, तो खांबाला अडतो. मग खांबाभोवती किती वळसे पडले ते मोजायचं; एका दिशेचे अधिक, दुसऱ्या दिशेचे उणे. जागेत भोक कुठे आहे ते न बघता नुसत्या वळशांवरून ओळखायचं, एवढीच ती विद्या. पुस्तकात त्यासाठी मधोमध भोक असलेला कसलासा विलायती गोड पदार्थ दिला होता. तो देवळीत कुणी बघितलेला नाही. मी त्याच्या जागी मेदूवडा धरला आणि माझं काही अडलं नाही.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. वर्ध्याला एक निवृत्त सर आहेत, त्यांच्याकडे मी रविवारी जायची. ज्यात नापास झालीस तो पेपर सोडवून दाखव म्हणाले. मी सोडवला. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून तपासली.

"सगळं बरोबर आहे, पण वळसे भलतीकडे मोजते आहेस," ते म्हणाले. "अधिकची दिशा कोणती धरतेस?"

मी हवेत बोट फिरवलं. सर इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी बघायला आल्या.

"ही देवळातली प्रदक्षिणा झाली. गणितात अधिक म्हणजे ह्याच्या उलट, घड्याळाच्या विरुद्ध."

हे मला माहीत नव्हतं का? शाळेपासून पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. दोरा घेऊन मनातल्या मनात चालायची वेळ आली की माझे पाय लहानपणापासून चालत आले तसेच चालत, देव उजव्या हाताला ठेवून. सूत्र गणिताच्या दिशेनं, पाय देवळाच्या दिशेनं. दोन्ही एकाच उदाहरणात आले की दोन अधिक एकाचं दोन उणे एक व्हायचं. स्वतःचाच असा राग आला की परतीच्या बसमध्ये मी शेजारणीशी खिडकीवरून भांडले.

"डोक्याला येतंय तुझ्या," सर म्हणाले होते. "पायांना शिकव."

म्हणून रोज संध्याकाळी मी परसातल्या हापशीभोवती उलट्या फेऱ्या घालायला लागले. ओठांत पुटपुटत, अधिक एक, अधिक दोन. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन वं, उलटी काऊन फिरून राह्यली?"

"अभ्यास आहे, आई."

"उलटे फेरे सरणाभोवती मारतेत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून दिवेलागणीला त्या मागचं दार कडी घालून लावून घ्यायला लागल्या. मी गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीभोवती फिरू लागले. घरात आमचं बोलणं मिठातेलापुरतं उरलं.

लेखी पेपर या वेळी निघाला, पण तोंडी परीक्षेची तारीख लागली ती नेमकी वटपौर्णिमेची. बाहेरगावचे परीक्षक येणार होते, बदल होणार नव्हता. दुपारची वेळ होती, म्हणून सकाळीच वड पुजून निघायचं ठरलं. त्याच पहाटे नवरा माल आणायला गाडी घेऊन अमरावतीला गेला होता.

वर्ध्याच्या रस्त्याला आमचा वड आहे. आम्ही पोचलो तेव्हा बायका तुरळक होत्या. सासूबाई पाठमोऱ्या बसून आंबे आणि हळदकुंकू मांडत होत्या. मी पूजा केली, दोऱ्याचं टोक खोडाला लावलं, रीळ हातात धरलं आणि चालू लागले. पोटात उपास, डोक्यात परीक्षक. उत्तरं मनात म्हणत होते. दोन फेरे झाले आणि तिसऱ्याला एक बाई समोरून माझ्या अंगावर आली.

ती थांबली. मीही थांबले. तिच्या हातातला दोरा डावीकडून येत होता, माझा उजवीकडून. तिनं माझ्या सासूबाईंकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

सासूबाई उठून जवळ आल्या. आवाज इतका खाली की मलाच ऐकू यावा. "मुद्दाम केलं का तुनं? तो गाडी घेऊन रस्त्यावर हाय."

मी घाबरले. खरं सांगते, गणित शिकलेल्या बाईच्या पोटातही भीती तशीच येते. रस्त्यावरची प्रत्येक गाडी मला ऐकू यायला लागली. मग मी एकच केलं. दोरा हातात धरला आणि आले होते त्याच वाटेनं मागे फिरले. दोन फेरे उलटे गेले होते, दोन सुलटे चालले. दोरा खोडावरून सुटत सुटत माझ्या मुठीत जमा झाला, शेवटी लावलेलं टोकही निघालं.

"पाहा आई, काही राह्यलं नाई. जेवढं गेलं तेवढं परत आलं."

त्यांनी खोडावरून बोटं फिरवली. साल कोरडी होती, एक धागा नव्हता. "हेच शिकून राह्यली का तू इतके दिवस?"

"हेच."

"मंग मार आता सात. सरळ." आणि चोरासोबत पोलीस चालावा तशा त्या सातही फेरे माझ्याबरोबर चालल्या. घरी पोचेपर्यंत त्यांचा फोन हातातच होता. नवऱ्याचा फोन आला, पोचलो म्हणाला, तेव्हा कुठे त्या पाणी प्यायल्या. दुपारी मी निघाले तेव्हा त्यांनी जा म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

परीक्षक कोरड्या चेहऱ्याचे होते. फळ्यावर खांबाभोवती वेटोळं काढा, दिशा दाखवा आणि वळसे सांगा, म्हणाले. मी खडू उचलला आणि हात थांबला. सकाळचे सात फेरे अजून पायात होते. कोणती बाजू अधिक, कोणती उणे, काही आठवेना. शेवटी मी डोकं सोडलं आणि पायांना विचारलं. टाकीभोवती जशी चालत होते ते अधिक. वडाभोवती जशी चालले ते उणे. खांबाभोवती सात वेटोळी काढली आणि बाण काढला.

"उणे सात," मी म्हणाले.

"सातच का?"

"सकाळी तेवढेच मारले, सर."

त्यांना कळायला क्षणभर लागला. चेहरा तसाच होता. "याचं शून्य कसं कराल?"

"मधलं झाड काढून टाकायचं. नाहीतर सात वेळा उलटं चालायचं."

"ताणून, वाकवून, दूर नेऊन?"

"नाही होत."

बाहेर विभागप्रमुख बाई म्हणाल्या, पास झालीस, जा घरी आणि काही खा. मी बसस्टँडवर रडले. उपास होता, म्हणून पाणी पिऊन गप्प बसले.

घरी आले तर नवरा सुखरूप परतून दुकानात गेला होता. सासूबाई परसात हापशीशी बसल्या होत्या. मी पास झाल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"म्हंजे नागपूरले जाशील आता."

"हो."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले एकच सांग. सकाळी सात फेरे मारले तुनं. उलटी चालली तं सुटते ना ते?"

खोटं बोलता आलं असतं. "सुटते," मी म्हणाले. "पण दुसऱ्या कशानं सुटत नाई, आई. लांब गेल्यानं सुटत नाई. दोरा लांबते फक्त."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत गेल्या आणि दिवा लावला. "लांबू दे मंग," आतूनच म्हणाल्या. मागचं दार त्या संध्याकाळी त्यांनी लावलं नाही.