राखणीचं रिव्हॉल्वर

माझ्या आतोबांइतका सशस्त्र आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस सबंध हडपसरात झाला नाही आणि यापुढे होणारही नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक रिव्हॉल्वर होतं, रीतसर परवान्याचं, आणि परवाना मिळाला होता पिकाच्या राखणीसाठी. तेव्हा पीक होतं, उसाचं, आणि उसात डुकरंही होती. पुढे शहर चालत चालत दारात आलं, जमीन बिल्डरकडे गेली, उसाच्या जागी इमारती उगवल्या आणि आतोबा आपल्याच शेतात सातव्या मजल्यावर राहायला गेले. ऊस गेला, डुकरं गेली, राखणीचं हत्यार तेवढं उरलं. व्याकरणात रिव्हॉल्वर नपुंसकलिंगी असेल. आतोबा त्याला 'ती' म्हणत, आणि कोणी 'ते' म्हटलं की त्यांना अचानक कमी ऐकू यायचं.

दिसायला ती अगदीच साधी होती. नक्षी नाही, चकाकी नाही, आणि वर सिंगल अ‍ॅक्शन. म्हणजे दर बाराला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप दाबायचा. यातच तिचं सगळं मोठेपण आहे असं आतोबांचं मत होतं. "डबलवाल्याचं काय, निस्ता चाप वढला की झालं. इचार करायला येळच न्हाई," ते मला सांगत. "हिचा घोडा वढंस्तवर मानसाचा राग उतरतोय बघ, पोरी." तिने खरा बार आयुष्यात एकदाच काढला. समोर डुक्कर होतं, पण गोळी लागली ती आतोबांच्याच विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला, आणि ऐन उन्हाळ्यात उसाचं पाणी बंद पडलं. आत्या हा किस्सा आल्यागेल्याला चहाबरोबर सांगते. "डुकरानं निम्मा ऊस खाल्ला आसता, ह्यांनी समदाच वाळवला," एवढं म्हणून ती बशी पुढे करते.

या साध्यासुध्या बाईला नटवायचं, पण तिच्यापायी दमडी खर्चायची नाही, हा आतोबांचा छंद. तिची प्लॅस्टिकची मूठ त्यांनी काढून डब्यात टाकली आणि मोडक्या कुळवाच्या बाभळीच्या लाकडातून नवी घडवली. काचेच्या तुकड्याने तासायची, जवसाच्या तेलाने मळायची, हातात धरून बघायची आणि मान हलवून पुन्हा तासायची. जुन्या कोल्हापुरी चपलांच्या कातड्याचं म्यान झालं. तिला ठेवायला पैठणीचं खोकं गेलं, ते आत्याने चालवून घेतलं, पण त्याला अस्तर म्हणून तिच्या ब्लाउजचं खणाचं कापड गेलं तेव्हा दोन दिवस घरात फक्त आमटी-भात शिजला. माझी लाल नेलपॉलिशची बाटली एका दिवाळीत हरवली, ती नळीच्या टोकावर, नेम धरायच्या माशीवर सापडली. "आता नेम चुकायचा न्हाई," आतोबा म्हणाले. नेम कशावर धरणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

निवडणूक आली की हत्यार चौकीत जमा करावं लागतं. लोक नाखुशीने जाऊन ते टेबलावर ठेवून येतात. आतोबा तिला लेकीला सासरी धाडल्यासारखी पोचवत. खोक्यात फ्लॅनेलचं फडकं, वर तेलाची बाटली, आणि निघताना हवालदाराला दहा सूचना. मग दर आठवड्याला चौकीत जाऊन, "एकटी हाय, ओल लागंल," म्हणून चौकशी. शेवटी त्या हवालदाराचा आणि त्यांचा इतका घरोबा झाला की तो त्यांना तात्या म्हणू लागला. त्यानेच एकदा हळूच सुचवलं, "तात्या, परवाना पिकाच्या राखणीचा हाय. पुढच्या येळेला साहेब इचारतील, पीक कुठंय?"

आतोबांनी त्यावर जे केलं ते फक्त आतोबाच करू शकतात. त्यांनी पीक पेरलं. सोसायटीच्या कुंपणभिंतीलगत मोगऱ्यासाठी सोडलेली चिंचोळी पट्टी त्यांनी कमिटीशी भांडून मिळवली आणि तिथे ज्वारी टाकली. पार्किंगमधल्या गाड्यांच्या मागे ती डोक्याइतकी वाढली आणि कणसावर आली. आजूबाजूच्या इमारतींतले सगळे पोपट ती खायला येऊ लागले. आतोबांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आता राखायला काहीतरी होतं.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा हवालदार पाहणीला आला. त्या दिवशी मी तिथेच होते. त्याने ज्वारी पाहिली, पोटभर हसला आणि म्हणाला, "पीक हाय, तात्या. पीक हाय असंच लिहितो." मग वर येऊन, चहा घेता घेता, सहज म्हणाला, "जरा घोडा वढून दावा. हात चालतोय एवढं बघितलं की झालं."

आतोबांनी ती खोक्यातून काढली, रिकामी असल्याची खात्री करून दाखवली, नळी जमिनीकडे धरली आणि अंगठा घोड्यावर ठेवला. घोडा हलला नाही. त्यांनी पकड बदलली, दात आवळले, पुन्हा जोर केला. अंगठा निसटला. आत्या दारात उभी होती, तिने मान फिरवली. आणि मला एकदम उमगलं, की गेलं वर्षभर ते मूठ का तासत होते. कधी बारीक, कधी थोडी तिरकी, कधी मागे खोलगट. आम्ही सगळे त्यांच्या हौसेला हसत होतो आणि ते बिचारे आपल्या आखडलेल्या अंगठ्याला ती कुठूनतरी जमेल का, हे शोधत होते. मला फार वाईट वाटलं.

हवालदार भला माणूस. कप खाली ठेवून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तात्या, बघितलं मी. वढला तुमी."

"न्हाई वढला," आतोबा म्हणाले. "झालं न्हाई ते लिहू नगंस. जिचा घोडा वढता येत न्हाई, ती घरात ठेवून राखण कोन कुनाची करायची?"

त्यांनी तिथल्या तिथे स्क्रू काढून बाभळीची मूठ उतरवली आणि डब्यातली प्लॅस्टिकची परत बसवली. आली तशी साधी करून त्यांनी ती दुसऱ्या दिवशी कायमची जमा केली. फ्लॅनेल, तेल, म्यान सगळं बरोबर दिलं. या वेळी सूचना मात्र एकही केली नाही.

परवा गेले तर कुंपणालगत पुन्हा ज्वारी होती. परवाना नाही, पाहणी नाही, तरी होती. आतोबा उकिडवे बसून खुरपत होते, आणि त्यांच्या खुरप्याला ती बाभळीची मूठ होती. "तुज्या आत्यासाठी बसवली व्हती," ते म्हणाले, "पर तिच्या हाताला मोठी हुतीया. माजाच हात लागतो तिला." इतक्यात पोपटांचा थवा कणसांवर उतरला. आतोबांनी खुरपं उचललं आणि त्यांचा अंगठा आपोआप मुठीच्या वर जाऊन, नसलेल्या घोड्यावर टेकला आणि मागे आला. किती सहज आला!

पोपट ढिम्म हलले नाहीत. तेवढ्यात सातव्या मजल्यावरून आत्याचा "हाऽऽऽ" असा आवाज आला आणि सगळा थवा एकदम उडाला.

"बघ," आतोबा माझ्याकडे पाहून हसले. "हिला परवाना लागत न्हाई." मग खाली वाकून ते पुन्हा खुरपू लागले.