तात्यांच्या फोनवर लेकीच्या मनाची नोंद

तरुण मुलामुलींच्या मनाची विचारपूस करणारं एक ॲप बारामती तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात आलं. ते त्यांच्या फोनमध्ये घालून द्यायचं काम नर्स म्हणून माझ्याकडं होतं. ॲप रोज विचारायचं, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" उत्तरं आमच्या संगणकावर दिसायची.

काटेवाडीकडच्या एका कॉलेजकन्येचं डोकं सारखं दुखायचं. तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी ॲप द्यायला सांगितलं. तिचा फोन दुरुस्तीला गेलेला. तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, आपला पुढं केला. मी त्यात घालून दिलं. चूक माझीच.

आठवड्यानं नोंदी उघडल्या. सोमवार : 'राग आला. ऊसतोडणीची टोळी आली न्हाय.' मंगळवार : 'लई बरं वाटलं. म्हैस व्याली. रेडी झाली.' गुरुवारी नुसतंच : 'गुडघा.'

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, या मुलीच्या गुडघ्याला काय झालंय?"

दोघांना बोलावलं. तात्या म्हणाले, "त्यानं इचारलं, म्या सांगितलं. परवा डेअरीच्या रांगेत ते ॲप मोठ्यानं म्हणालं, डोळे मिटा, लांब श्वास घ्या. किटल्या घेऊन हुबी हुती त्या समद्यांनी मिटलं की."

शेजारी बसलेली त्यांची लेक ओढणीत तोंड घालून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मी तात्यांना बाहेर बसवणार, तोच ती म्हणाली, "असू द्या. त्यांच्यासमोरच सांगते."

महिनाभर ती कॉलेजात गेलीच नव्हती. गणित कळेना, वर्गात बसलं की छाती धडधडायची. रोज एसटीनं बारामतीला जायची, स्टँडवर बसायची आणि संध्याकाळी परत यायची.

मला वाटलं, तात्या आता ओरडतील.

"अन् डबा?" त्यांनी विचारलं.

"तिथंच खायचे."

"एकलीच?"

तिनं मान हलवली. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं नुसते बघत राहिले.

डॉक्टरांनी तिला बारामतीच्या समुपदेशक बाईंकडं पाठवलं. तात्याच मोटरसायकलवर घेऊन जायचे. ॲप आम्ही तिच्या दुरुस्त झालेल्या फोनमध्ये घातलं. तात्यांच्या फोनमधलं काढायला हात पुढं केला, तर त्यांनी फोन खिशात टाकला.

धडधड कमी व्हायला तीन-चार महिने लागले. पुढच्या वर्षी मावशीकडं राहून तिनं इंदापुरात कला शाखेला प्रवेश घेतला. तिथं गणित नव्हतं.